केसभर सरकवलेली दीर्घिका

खगोलशास्त्रज्ञ म्हटलं की लोकांना वाटतं, ही बाई लांबलांबच्या देशांत हिंडत असणार. हिंडते ना. चिलीच्या वाळवंटात, पाच हजार मीटर उंचीच्या पठारावर, जिथे चार पावलं टाकली की धाप लागते, तिथेही जाऊन आले आहे. त्या प्रवासावर कुणी लिहायला सांगितलं तर मी दोन पानांत आटोपेन. पण मागच्या महिन्यात वाशीम जिल्ह्यात तीन दिवस काढून आले आणि ते काही केल्या डोक्यातून जात नाहीत. तिकडे पर्यटक म्हणून फारसं कुणी जात नाही. मीही गेले होते ते एका माणसाची सही आणायला.

आधी थोडं कामाचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी ज्या दीर्घिकांचा अभ्यास करते त्या फार दूरच्या आणि धुळीने गच्च भरलेल्या असतात. आत तारे जन्माला येत असतात, पण त्यांचा उजेड ती धूळ गिळून टाकते, त्यानेच कोमट होते आणि मग अवरक्त किरण सोडते. आपल्यापर्यंत पोहोचेस्तोवर ते किरण ताणले जातात आणि त्यांच्या लहरी जेमतेम मिलिमीटरभर लांबीच्या होतात. हवेतली वाफ त्या लहरी वाटेतच शोषते, म्हणून त्यांच्यासाठी दुर्बिणी कोरड्या, उंच वाळवंटात उभाराव्या लागतात. साध्या दुर्बिणीला जिथे काळोख दिसतो तिथे आमच्या चित्रात लख्ख ठिपका असतो. अशाच एका ठिपक्यामागे मी चार वर्षं आहे.

त्या ठिपक्यावरचा आमचा निबंध स्वीकारला गेला होता. सगळ्या लेखकांनी संमती द्यायची, मी शुक्रवारी संध्याकाळपर्यंत एका चौकोनात खूण करायची, की झालं. माझी पुण्यातली नोकरी कराराची, ती मार्चमध्ये संपते. कायमच्या जागेची मुलाखत तोंडावर आलेली, आणि तिथे दाखवायला मोठं काम म्हणावं असं हेच एक. अशात सोमवारी ईमेलवर सुगतचं पत्र आलं. एकच ओळ होती. ‘मॅडम, माझं नाव काढा.’

सुगत आमच्या प्रतिमा तयार करतो. दुर्बिणीकडून येते ती आकड्यांची रास. तिच्यातून चित्र काढणं हे त्याचं काम, आणि ते त्याच्याइतकं स्वच्छ करणारा माणूस मी पाहिलेला नाही. त्याचा करार जूनमध्ये संपला, तेव्हापासून तो गावी राहून काम पाहत होता. मी फोन केला, लागला नाही. मंगळवारी लागला नाही, बुधवारी लागला नाही. माझं निदान पक्कं होतं. लेखकांच्या यादीत त्याचं नाव चौथं होतं, म्हणून गडी रुसला. दुसरं नाव देऊ केलं की येईल ताळ्यावर. बुधवारी संध्याकाळी मी बाकरवडीचे दोन पुडे घेतले आणि वाशीमच्या गाडीत बसले.

वाशीम ते अनसिंग, गुरुवार सकाळ

वाशीमला उतरल्यावर पहिली भेट झाली ती तर्रीची. पोह्यांवर लाल तवंगाचा रस्सा ओततात आणि वर शेव. मी गुहागरकडची, आमच्याकडे पोह्यांवर ओलं खोबरं पडतं. दोन घासांत माझ्या डोळ्यांतून आणि नाकातून पाणी. गाडीवाल्याने न विचारता आणखी रस्सा ओतला, कारण इथे रिकामी होत आलेली प्लेट बघवत नाही कुणाला.

अनसिंगकडे जाणारी काळीपिवळी जीप मात्र हलेना. मी तीन वेळा घड्याळ पाहिलं, दोनदा खाली उतरले, पुन्हा चढले. शुक्रवार संध्याकाळ म्हणजे जेमतेम दीड दिवस उरलेला. शेवटी ड्रायव्हरला म्हटलं, “रिकाम्या सीटचे पैसे मी देते. चला.”

तो स्टिअरिंगवर हनुवटी टेकून बसला होता. “पैशाचं नाई मॅडम,” तो म्हणाला. “आमच्या गावची एक बुढी दवाखान्यातून येऊन राह्यली. तिले सोडून कसं जाऊ?”

म्हातारी आली, माझ्या शेजारी बसली, माझ्या मांडीवर औषधांची पिशवी ठेवून दिली आणि झोपी गेली. गाडी सुटली. मला वाटलं होतं, मी अडचण ओळखली आणि तोडगाही काढला. दोन्ही चुकलं होतं, पण तेव्हा मी ते मनाला लावून घेतलं नाही.

बाहेर सोयाबीन कापून झालं होतं. काळी रानं मोकळी पडलेली, मधूनमधून पिवळ्या फुलांवर आलेली तूर. आमच्याकडे अर्धा किलोमीटर नजर गेली की डोंगर आडवा येतो. इथे नजरेला कुणी अडवत नाही, त्यामुळे ती दमून परत येते. रस्त्याकडेच्या कडुनिंबांची पानंसुद्धा धुळीने करडी झाली होती. इतक्या सपाट, उघड्या जागी मला उगाच घुसमटल्यासारखं होत होतं. फोनचे नेटवर्कचे दांडे एकेक करून गेले आणि अनसिंग मागे पडल्यावर शेवटचाही गेला.

सुगतचं गाव अनसिंगच्या पुढे, मंगरूळपीर तालुक्यात. फाट्यावर उतरून घर विचारलं. बौद्धवाड्यातल्या तिसऱ्या ओळीत निळ्या दाराचं घर. आत कोनाड्यात बुद्धाची मूर्ती, समोर ओट्यावर सुगतची आई सुपात मूग पाखडत बसलेली. पंचफुलाबाई. “जय भीम,” त्या म्हणाल्या. मी सवयीने नमस्कार म्हणाले, मग घाईने जय भीमही म्हणाले. त्यांना दोन्ही चाललं.

मी सुगतचं नाव काढलं तशा त्या म्हणाल्या, “थो वावरात हाय. आज थ्रेशरचा नंबर आपला हाय. तुमी हातपाय धुवा अन् जेवा.”

“मी आधी त्याला भेटून येते. पाच मिनिटांचं काम आहे.”

“पाच मिनिटांसाठी पुन्याहून आल्या का तुमी?” त्यांनी सूप खाली ठेवलं. “जेवा मंग जा.”

ज्वारीची भाकर, आलू-वांग्याची भाजी, दाणे घातलेला मिरचीचा ठेचा, बुक्कीने फोडलेला कांदा. मी बकाबका जेवले, भुकेपेक्षा घाईमुळे जास्त. त्यांनी गुहागरची चौकशी केली. आम्ही जवळजवळ रोज मासे खातो म्हटल्यावर त्यांना काळजी वाटली. “मंग वरन कवा खाता?” त्यांनी विचारलं.

वावरात, त्याच दुपारी

थ्रेशरचा आवाज लांबूनच ऐकू आला. जवळ गेले तेव्हा धुळीच्या ढगात पाच-सहा माणसं हलत होती आणि सगळ्यांच्या तोंडाला फडकी. कुठला सुगत ते ओळखू येईना. चार वर्षं मी ज्याला चष्मा लावून पडद्यापुढे बसलेला पाहिला, तो गंजीवर उभा राहून सोयाबीनचे भारे यंत्रात सारत होता. त्याने मला पाहिलं, हात वर केला आणि पुढचा भारा उचलला. थांबला नाही. थ्रेशर भाड्याचं, संध्याकाळी दुसऱ्याच्या वावरात जाणार होतं.

मी नेमकी वाऱ्याच्या खालच्या अंगाला उभी राहिले. पाच मिनिटांत केस, कान, पापण्या, सगळं पांढरं. मानेत कुटार, म्हणजे भुसा, जाऊन अशी खाज सुटली की मी जागच्या जागी नाचू लागले. पोत्याचं तोंड धरणाऱ्या बाईने मला बाजूला ओढलं. पलीकडचीने ओरडून सांगितलं, “अव, ह्या मॅडम धुयीचाच अभ्यास करतेत म्हने.”

“मंग राहू दे तितंच उभी,” पहिली म्हणाली, आणि दोघी हसत सुटल्या. मलाही हसू आलं, पण तोंड उघडल्यावर धूळ आत गेली.

मदत करते म्हणून मी एक पोतं धरलं. तोंड नीट आवळलं नव्हतं, अर्धं सोयाबीन मातीत. मग मला बांधावर बसवण्यात आलं. मी बसले, उठले, येरझाऱ्या घातल्या, मनातल्या मनात सुगतशी तीन वेळा भांडून जिंकले. चारच्या सुमाराला यंत्र डिझेलसाठी थांबलं तशी मी गंजीपाशी गेले आणि म्हटलं, “सुगत, तुला दुसरं नाव देते. आजच सगळ्यांना कळवते.”

त्याने तोंडावरचं फडकं खाली ओढलं आणि चष्मा काढला. डोळ्यांभोवती चष्म्याच्या आकाराची स्वच्छ वर्तुळं राहिली होती.

“नंबराचं नाई मॅडम,” तो म्हणाला. “घरी दाखवतो.”

पुण्यात तो माझ्याशी पुस्तकी मराठी बोलतो, तेही मोजकं. इथे त्याची भाषा बदलली होती आणि भाषेबरोबर माणूसही. तिकडे तो वाक्याच्या शेवटी माझ्याकडे बघून थांबतो. इथे थांबला नाही, सरळ डिझेलचा डबा उचलून गेला.

घरी परतलो तर वीज गेलेली. त्याच्या लॅपटॉपची बॅटरी आदल्या दिवशीच संपली होती, फोन बंद पडून आठवडा झाला होता. सोमवारचं पत्रही त्याने मंगरूळपीरला जाऊन पाठवलं होतं. अंगणात अजून उजेड होता. त्याने सतरंजी टाकली आणि एका फाइलमधून दोन कागद काढले. एक साधा, त्यावर अवकाशातल्या दुर्बिणीचं अवरक्त चित्र छापलेलं. दुसरा ट्रेसिंग पेपर, त्यावर चिलीच्या दुर्बिणीला दिसलेले ठिपके त्याने हाताने गोल काढून उतरवलेले. दोन्हींत आकाशाचा तोच तुकडा.

“आता ठेवा एकावर एक,” तो म्हणाला. “कोपरे जुळवून.”

मी ठेवले. चार गोल होते. तीन गोल खालच्या तीन दीर्घिकांवर बरोबर बसले. चौथा, आमचा, ज्याच्यावर सगळा निबंध उभा, तो मात्र त्याच्या दीर्घिकेच्या जरा बाजूला पडला.

“हे ठाऊक आहे मला,” मी म्हटलं. “दोन दुर्बिणींचे नकाशे तंतोतंत जुळत नाहीत. थोडं सरकवावं लागतं. सगळेच सरकवतात.”

“सरकवा मंग.”

मी ट्रेसिंग पेपर केसभर सरकवला. आमचा गोल दीर्घिकेवर चपखल बसला. सुगतने बोटाने एकेक करून बाकीचे तीन दाखवले. तिन्ही आपापल्या जागेवरून उठले होते.

“तिघाईले उठवून एकाले बसवलं तुमी,” तो म्हणाला.

ते सरकवणं खरोखर किती असेल? सात-आठ किलोमीटरवर कुणी रुपयाचं नाणं धरलं तर ते जेवढं दिसेल तेवढं. पण त्यावर सगळं होतं. ठिपक्यातली धूळ आणि ती दिसणारी दीर्घिका एकच, असं धरून आम्ही दीर्घिकेचं अंतर धुळीला लावलं होतं. ती इतकी दूर, म्हणजे आपल्याला दिसते ती विश्व अगदी लहान असतानाची, आणि तेव्हाच तिच्यात इतकी धूळ होती, हा आमचा मोठा शोध. आता धूळ जर त्या दीर्घिकेची नसेल, तिच्या शेजारी किंवा पार मागे काहीतरी वेगळंच दडलेलं असेल, तर आमच्या अंतराला अर्थ नाही आणि शोधालाही नाही. दोन वर्षांपूर्वी ही सरकवणारी ओळ प्रोग्रॅममध्ये मीच लिहिली होती. आमचा ठिपका सर्वांत ठळक म्हणून फक्त त्याच्यावरूनच माप घेतलं होतं. तो त्याच दीर्घिकेचा असणार हे मी धरूनच चालले होते, मग नकाशा त्याच्याजवळ आणला.

“बाकीचे तीन फार फिके आहेत,” मी म्हटलं. आवाज चढला होता माझा.

“फिके हायेत,” तो म्हणाला, “पन तीन हायेत.”

“मग हे आत्ता, शेवटच्या आठवड्यात सांगायचं?”

त्याने दोन्ही कागद सरळ केले. मग म्हणाला, “ऑगस्टात लिहिलं होतं मॅडम. जुना प्रोग्रॅम पुन्हा चालवला तवा सापडलं. तुमी उत्तर बी देल्लं.”

मी फोन उघडला. जुन्या पत्रांना नेटवर्क लागत नाही. ऑगस्टमधलं त्याचं पत्र सापडलं. बारा ओळी, सोबत हेच चित्र. खाली माझं उत्तर, चार शब्दांचं. ‘नेहमीचंच आहे. पुढे जाऊ.’ चित्र मी उघडलंच नव्हतं. अंगणात बसल्या बसल्या माझे कान गरम झाले.

लाज वाटली म्हणून मी शहाणी झाले, असं मात्र नाही. उलट मी वकिली सुरू केली. निबंध छापून येऊ दे, मग दुरुस्ती पाठवू. कदाचित तेच तीन ठिपके चुकीचे असतील. सुगत ऐकत होता. सगळं ऐकून म्हणाला, “छापा तुमी. मी अडवत नाई. फक्त माझं नाव नको.”

जेवताना पंचफुलाबाईंनी माझ्या ताटात तिसरी भाकर टाकली आणि विचारलं, “थे कागद छापून आले का एक मले पाठवान का? याचं नाव राह्यते ना त्याच्यात?”

“इंग्रजीत असतं मावशी,” मी म्हटलं.

“वयखते मी. त्याच्या मार्कशिटा पाहून पाहून वयखू येते.” गल्लीत सगळ्यांना त्यांनी सांगूनही झालं होतं. सुगत खाली मान घालून भाकर मोडत राहिला. मी वरण मागितलं, बोलायला नको म्हणून.

मंगरूळपीर, शुक्रवार

सकाळी मला नेटवर्क हवं होतं आणि सुगतला अधिवासाचा दाखला. त्याच्या मोटारसायकलवर आम्ही मंगरूळपीरला निघालो. वाटेत संत्र्याच्या बागा लागल्या, हिरव्या फळांनी वाकलेल्या. एका बागेपाशी थांबून त्याने ओळखीच्या माळ्याकडून दोन संत्री आणली. आंबट होती. मी दोन्ही खाल्ली, नुसतं बसवत नव्हतं म्हणून.

मंगरूळपीरला दर्ग्याच्या बाजूला रस्त्यावर फुलांच्या चादरी, त्याला लागून बी-बियाण्यांची दुकानं, पुढे झेरॉक्सवाले आणि अर्ज लिहून देणारे. सुगत तहसीलच्या रांगेत लागला आणि त्याची फाइल मला सांभाळायला दिली. मी समोरच्या हॉटेलात बाकावर बसले. चहा मागवला. फोनला दांडे आले आणि पत्रांचा पाऊस पडला.

हॉलंडमधला माझा सहकारी हेन्रिक, निबंधातला दुसरा लेखक. मी अनसिंगच्या अलीकडे असताना त्याला घाईघाईत कळवलं होतं की सुगत नाव काढायला सांगतो आहे. त्याचं उत्तर समजूतदार होतं. सुगतची इच्छा आहे तर नाव काढ, आभारात लिही आणि आज पाठवून दे, उरलेलं नंतर बघू. नियतकालिकाचं पान मी उघडलं. सगळ्या लेखकांची संमती आहे, या वाक्यापुढे रिकामा चौकोन. सुगतचं नाव खोडलं की ते वाक्य खरं होणार होतं. एक खूण, आणि मी मुलाखतीला ताठ मानेने जाणार होते.

पिशवीतून ते दोन कागद काढून मी टेबलावर पसरले. आता मला असं काहीतरी सरकवणं शोधायचं होतं ज्यात चौघेही बसतील. अर्धं सरकवून पाहिलं. चौघेही थोडे थोडे बाहेर. जरा फिरवून पाहिलं. दोन बसले, दोन गेले. हॉटेलवाला चहाचा दुसरा कप घेऊन आला, कप ठेवायला जागा नाही म्हणून उभा राहिला. “शिवनकामाचं हाय का?” त्याने विचारलं. मी हो म्हटलं. मग एकदा मी आमचा ठिपका अंगठ्याने झाकला आणि फक्त बाकीचे तीन जुळवले. हे मी दोन वर्षांत एकदाही केलं नव्हतं. कागद कोपऱ्याला कोपरा लागून बसला. सरकवायची काही गरजच नव्हती.

तरी माझं बोट फोनवर गेलंच. खोटं कशाला सांगू, मी सुगतचं नाव खोडलंसुद्धा. फक्त खूण राहिली होती.

टेबल मोकळं करावं म्हणून ट्रेसिंग पेपर ठेवायला मी त्याची फाइल उघडली. वरच नागपूरच्या एका नोकरीचा अर्ज होता. त्याच्याच अक्षरात शिक्षण, अनुभव, आणि मग एक रकाना, प्रकाशित निबंध. अर्जाच्या टिपेत छापलं होतं की किमान एक हवा. त्या रकान्यात त्याने आमच्या निबंधाचं नाव लिहिलं होतं. दुसरं काही नव्हतं. आणि त्या एकुलत्या एका ओळीवर निळ्या शाईने, पट्टी धरून, सरळ रेघ मारलेली होती.

माझ्याकडे हरायला एक मुलाखत होती. त्याच्याकडे अर्ज करायलासुद्धा दुसरं काही नव्हतं, आणि त्याने ते पट्टी धरून खोडलं होतं. मी त्याला दुसरं नाव द्यायला आले होते, बाकरवडी घेऊन. मला माझीच किळस आली.

मी नियतकालिकाच्या संपादकांना लिहिलं. निबंध परत घेत आहोत. स्थानांच्या जुळणीत माझ्याकडून चूक झाली आहे, ती सुगतने शोधली. चार ओळींचं पत्र लिहायला अर्धा तास लागला, कारण ‘माझ्याकडून’ हा शब्द मी दोनदा काढला आणि दोनदा परत घातला. हेन्रिकचा फोन लगेच आला, मी घेतला नाही.

सुगत दाखला घेऊन आला, खुशीत होता. मी त्याला बसवलं आणि सांगितलं, “मी निबंध परत घेतला.”

त्याने दाखला फाइलमध्ये ठेवला, दोरी बांधली. “बाकीच्या दोघाईले कळवलं?” त्याने विचारलं.

“आता कळवते.”

“तुमची मुलाखत?”

“बघू.”

त्याने चहा बशीत ओतला. “मंग थो ठिपका नेमका कोनाचा हाय, हेच पाहाले पायजे होतं आपन,” तो म्हणाला. “मांगं काईतरी हाय. दिसत नाई म्हनून नाई असं थोडीच.” बशीतला चहा निवेपर्यंत तो त्याच ठिपक्याबद्दल बोलत राहिला, कुठल्या लहरींवर मोजलं तर अंतर कळेल, किती तास लागतील. चार वर्षांत मी त्याला इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. खरं तर मी ऐकलंच नव्हतं. त्या बोलण्यातून झालेला नवा अर्ज परवा दुर्बिणीकडे गेला, पहिलं नाव त्याचं. मंजूर होईल की नाही ते ठाऊक नाही, झाला तरी त्याच्या नागपूरच्या नोकरीला तो वेळेत उपयोगी पडणार नाही.

परतताना तो म्हणाला, “घरी मी सांगन.”

“नाही,” मी म्हटलं. “ते मी सांगते.”

शनिवार, निघताना

सकाळी पंचफुलाबाई माझ्यासाठी भाकरी आणि ठेचा बांधत होत्या. सुगत बाहेर मोटारसायकल पुसत होता, मला अनसिंगला सोडायला. रात्रभर मी वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आठवेना.

“मावशी, तो कागद छापून येणार नाही,” मी म्हटलं. “मी परत घेतला.”

त्यांचे हात थांबले. “काहून?”

“त्यात चूक होती.”

“सुगतची?”

“नाही. माझी. त्यानेच ती पकडली.”

त्यांनी मान वर केली. राग दिसला असता तर मला सोपं गेलं असतं. “मंग त्यानं सांगतलं नाई तुमाले?”

“सांगितलं होतं. ऑगस्टमध्येच.”

“मंग आयकलं काहून नाई?”

त्यांना खरोखर जाणून घ्यायचं होतं. माझ्याकडे उत्तरं होती. रोज शंभर पत्रं येतात, तेव्हा परिषदेची गडबड होती, तब्येत बरी नव्हती. ती सगळी तोंडाशी आली आणि मी गिळली.

“त्याने लिहिलं होतं म्हणून,” मी म्हणाले. “माझ्या परदेशातल्या साहेबमित्राने तेच लिहिलं असतं, तर मी तीनदा वाचलं असतं. हा आपला कंत्राटावरचा, गावाकडचा मुलगा. हा काय नवीन सांगणार, असं धरून चालले मी.”

हे मी त्याआधी स्वतःलाही सांगितलं नव्हतं. पंचफुलाबाईंनी फडक्याला गाठ मारली, ती नीट बसली का ते पाहिलं आणि पुडकं माझ्या हातात दिलं.

“हे मले नोका सांगू,” त्या म्हणाल्या. “त्याले सांगा.”

मी बाहेर आले. सुगतने मोटारसायकल सुरू केली होती, अनसिंगहून सुटणारी गाडी चुकेल म्हणून तो मला हाताने लवकर बसायला खुणावत होता. मी त्याला इंजिन बंद करायला सांगितलं.